पॉवर बसवण्याआधी पुढची चाकं हवेत उचलून बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बागकामाच्या जुन्या छोट्या ट्रॅक्टरला ‘एका दिवसात पॉवर स्टिअरिंग’ बसवण्याबद्दलचा लेख वाचला. लेख उत्साहाने लिहिलाय, फोटो छान आहेत, आणि शेवटी दुसऱ्या भागाचं आश्वासनही आहे. तो दुसरा भाग छापून येण्याआधी हे पत्र आपल्या हाती पडावं म्हणून घाईने लिहिते आहे. हेच काम मी दोनदा केलंय. पहिल्यांदा चुकीचं आणि दुसऱ्यांदा बरं. लेखातल्या दोन पद्धतींपैकी तेलाच्या दाबावरची पद्धत माझ्या पहिल्या खेपेशी इतकी जुळते की वाचताना माझं मनगट दुखायला लागलं. पत्र लांबलंय हे मला दिसतंय. काटछाट करावी लागली तर माझ्या वडिलांबद्दलचा मजकूर काढा, दाबाबद्दलचा काढू नका.

मी निवृत्त विज्ञान शिक्षिका आहे, वय सदुसष्ट. डाव्या मनगटात धातूची पट्टी आणि सहा स्क्रू आहेत (पायरीवरून पडले, ट्रॅक्टरचा त्यात काही दोष नाही). ट्रॅक्टर वडिलांचा. अण्णांनी घेतला तेव्हाही तो वापरलेलाच होता. अठरा अश्वशक्तीचं इंजिन, मागे लिफ्ट, पुढे नंतर जोडलेला छोटा लोडर (माती उचलणारी बादली). स्टिअरिंग अगदी साधं: खाली एक छोटा पिनियन (दातेरी चाक), त्यात अडकलेला पंख्याच्या आकाराचा सेक्टर गिअर, तिथून ड्रॅग लिंक (जोर चाकापर्यंत नेणारी दांडी), मग टाय रॉड (दोन्ही चाकं जोडणारी दांडी). लोडर जोडला त्या दिवसापासून स्टिअरिंग जड झालं, आणि घरातल्या प्रत्येकाने त्याचा दोष ट्रॅक्टरच्या वयाला दिला.

अण्णांना मात्र ते कधी जड वाटलं नाही, कारण उभ्या ट्रॅक्टरचं स्टिअरिंग ते फिरवतच नसत. ‘आधी चाक हलू दे, मग हात हलव,’ असं ते मला दर वेळी सांगायचे आणि मी दर वेळी विसरायचे. उभ्या चाकाचा टायर जिथे जमिनीला टेकलेला असतो, ती सगळी जागा जमिनीवर घासत फिरवावी लागते. ट्रॅक्टर अगदी गोगलगाईच्या वेगाने सरकत असला तरी टायर लोळत लोळत नवी जागा पुढे आणतो आणि घासणं पुष्कळ कमी होतं. हे मी मुलांना वर्गात शिकवलं होतं. ट्रॅक्टरवर बसल्यावर ते आठवायचं नाही, एवढंच.

आता लोडरचं. लेखात म्हटलंय की बादलीत शंभर किलो माती घेतली तर पुढच्या चाकांवर शंभर किलो वाढतात. नाही वाढत, त्याहून बरेच जास्त वाढतात. माझ्या ट्रॅक्टरच्या पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर १२० सेंटिमीटर आहे, आणि बादलीचा मध्य पुढच्या एक्सलच्याही ८० सेंटिमीटर पुढे येतो. तरफेचा हिशेब करा: मागच्या चाकांपासून माती २०० सेंटिमीटरवर, पुढची चाकं १२० वर. शंभर किलो मातीसाठी पुढच्या एक्सलवर सुमारे १६७ किलो येतात, आणि मागच्या चाकांवरून ६७ किलो उचलले जातात. म्हणून तर भरल्या बादलीने वळताना मागचं चाक गरगरतं. याचा उलटा उपयोगही होतो. मागच्या एक्सलच्या ६० सेंटिमीटर मागे लिफ्टवर ९० किलोचं वजन टांगलं की पुढचा भार ४५ किलोंनी हलका होतो. त्याला पॉवर लागत नाही, पंप लागत नाही, जुना ड्रम आणि काँक्रीट पुरतं. लेखात या वजनाचा उल्लेखसुद्धा नाही.

मूळ मुद्दा असा की स्टिअरिंग जड का आहे, हे आधी शोधायला हवं, आणि ते शोधायला दहा मिनिटं लागतात. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, मागच्या चाकांना अडण लावा, पुढचा एक्सल मधोमध जॅकवर घेऊन दोन्ही चाकं हवेत उचला, खाली भक्कम ठोकळे द्या, आणि स्टिअरिंग एका बोटाने फिरवून बघा. हवेतही जड लागलं तर दुखणं आतलं आहे: किंगपिन (जिच्यावर पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं ती खीळ) कोरडी पडलीय, तिच्याभोवतीचं बुश गंजलंय, नाहीतर पिनियन चावतोय. हवेत हलकं आणि जमिनीवर जड असेल तर प्रश्न भाराचा, टायरचा, हवेचा. चाकं वर आहेत तोवर चाक वर-खाली धरून हलवा, मग आडवं धरून हलवा. पहिल्यात किंगपिन आणि चाकाच्या बेअरिंगची ढिलाई कळते, दुसऱ्यात टाय रॉडच्या टोकांची. माझ्या ट्रॅक्टरला ही परीक्षा मी पहिल्या खेपेला दिलीच नव्हती. दुसऱ्या खेपेला दिली तेव्हा हवेतसुद्धा दोन्ही हात लावावे लागले, आणि उजवं चाक तर दुधाच्या दातासारखं हलत होतं.

शाळेतून निवृत्त होताना मी एक ताणकाटा स्वतःसाठी विकत घेऊन ठेवला होता, २५ किलोचा. तो स्टिअरिंगच्या कडेला अडकवून, कडेच्या दिशेनेच ओढून, किती किलोला चाक हलतं ते मी वहीत लिहीत गेले. पक्की फरशी, ट्रॅक्टर उभा, बादली रिकामी: १६ किलो. बादली भरलेली: काटा २५ वर टेकला आणि चाक हललं नाही. मग एकेक गोष्ट केली. पुढच्या टायरमध्ये हवा १० पौंड निघाली. टायरच्या कडेवर जी कमाल लिहिलेली असते तिच्या आत राहून २० केली. १६ चे १२ झाले. एवढ्याशा हवेने! मग किंगपिन काढल्या. ग्रीस निपलमधून ग्रीस जातच नव्हतं, कारण आत जुनं ग्रीस साबणाच्या वडीसारखं घट्ट झालेलं. बुश बदलले. स्पिंडल (चाक धरणारा वळता भाग) आणि एक्सल यांच्यामध्ये जिथे सगळा भार येतो, तिथे जुन्या छोट्या ट्रॅक्टरमध्ये बऱ्याचदा नुसती चकती असते. माझ्याही होती, झिजून कडा धारदार झालेली. तिथे त्याच मापाचं थ्रस्ट बेअरिंग (उभा भार झेलत फिरणारं) बसवलं. १२ चे ८ झाले. मागे वजन टांगून भरल्या बादलीने मोजलं तर १३. म्हणजे आधी जे मोजताही येत नव्हतं ते आता निदान काट्यावर यायला लागलं.

यातल्या अर्ध्याहून अधिक वाचकांचं काम इथेच संपेल, असा माझा अंदाज आहे. माझं संपलं नाही. माती-खत हलवण्याच्या दिवसांत मला लोडरने शे-दीडशे फेऱ्या माराव्या लागतात आणि दर फेरीला चाक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्यावं लागतं. पट्टी बसवलेल्या मनगटाला १३ किलो रोज दीडशे वेळा झेपत नाहीत. तेव्हा पॉवर हवीच होती.

पॉवर बसवायची तर पहिला प्रश्न असा की हातावरचं बळ घालवायला नवं बळ नेमकं कुठे घालणार? लेखकाने मोडीत निघालेल्या छोट्या मोटारीचा विजेवर चालणारा स्टिअरिंग कॉलम बसवलाय. त्यात विजेची मोटार स्टिअरिंगच्या दांड्यालाच मदत करते. म्हणजे ते वाढीव बळ पुढे त्याच पिनियनमधून, त्याच सेक्टर गिअरच्या दातांमधून, त्याच ड्रॅग लिंकमधून जातं. हे दात मुळात माणसाच्या दोन हातांचं बळ धरून केलेले असतात. माझ्या सेक्टर गिअरचे मधले चार दात तर इतके झिजले होते की चाक सरळ असताना स्टिअरिंगची कड ११ सेंटिमीटर नुसतीच फिरायची. अशा दातांवर मोटार बसवली तर हात हलका होईल, आणि दात पहिल्या पावसाळ्यातच जातील.

विजेचा हिशेबही लेखात राहिलाय. उभ्या गाडीचं चाक वळवताना असा कॉलम सहज ३०-४० अँपिअर ओढतो. १२ व्होल्टला ४० अँपिअर म्हणजे ४८० वॉट. माझ्या इंजिनची चार्जिंग कॉइल पूर्ण वेगाला १५ अँपिअर देते, म्हणजे १८० वॉट. मधली तूट बॅटरी भरून काढते आणि दोन वळणांच्या मधल्या वेळात कॉइल बॅटरीला परतफेड करते. गवत कापताना हे जमून जातं, कारण वळणं तुरळक असतात. लोडरच्या कामात वळणावर वळण असतं, आणि तेही बऱ्याचदा इंजिन कमी वेगावर असताना, जेव्हा कॉइल आणखी कमी देते. लेखकाची बॅटरी एक दिवस टिकली, फोटोत हसरी दिसते. तिला एक आठवडा लोडरवर ठेवून बघावं. एक मात्र मान्य करते: ज्या ट्रॅक्टरवर हायड्रॉलिक पंपच नाही, लोडर नाही, आणि गिअरचे दात शाबूत आहेत, तिथे विजेचा कॉलम हा नीटनेटका मार्ग आहे. तेलाचा एक थेंब सांडत नाही. जाड वायर आणि फ्यूज बॅटरीजवळच बसवला म्हणजे झालं.

दुसरा एक प्रकार कॉलमच्या ओळीतच बसणाऱ्या हायड्रॉलिक मदतनिसाचा. तोही दांड्यालाच जोर देतो, त्यामुळे दातांची तक्रार तीच.

मला पटला तो तिसरा, लेखातही दुसरी पद्धत म्हणून दिलेला: स्टिअरिंगच्या दांड्याखाली ऑर्बिट्रोल आणि एक्सलवर सिलिंडर (तेलाच्या दाबाने दांडा ढकलणारी नळी). ऑर्बिट्रोल म्हणजे एका डब्यात झडप आणि मापून तेल देणारा छोटा चक्राकार पंप. स्टिअरिंग जितकं फिरवाल तितकं तेल मोजून तो सिलिंडरच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला पाठवतो. पिनियन, सेक्टर गिअर, ड्रॅग लिंक सगळं निघून जातं. बळ थेट चाकाच्या हातावर, म्हणजे चाक वळवणाऱ्या लोखंडी दांडीवर, येतं. इंजिन बंद पडलं तरी तोच छोटा चक्राकार भाग हातपंपासारखा चालतो आणि चाक वळतं, फक्त जोर लावावा लागतो. पण होज (तेलाची रबरी नळी) फुटला, तेल गेलं, तर स्टिअरिंग आणि चाक यांच्यात काहीही उरत नाही. ही यंत्रणा बागेत पायी चालण्याच्या वेगाने फिरणाऱ्या ट्रॅक्टरसाठी ठीक. सार्वजनिक रस्त्यावर न्यायचा असेल तर तिथले नियम अशा बदलाला परवानगी देतात का, हे नटबोल्ट खोलण्याआधी बघा.

आता माझी पहिली खेप. मी हे काम एका वर्कशॉपला दिलं. माणसं कष्टाळू होती, घाईत होती, आणि मी प्रश्न विचारले नाहीत. तीन चुका झाल्या, आणि त्यातल्या दोन आपल्या लेखातल्या चौथ्या फोटोत दिसतात.

पहिली चूक: सिलिंडरचं मागचं टोक चॅसिसला बांधलं, पुढचं टोक चाकाच्या हाताला. दिसायला सुटसुटीत. पण अशा ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल मधल्या एका पिनवर डावी-उजवीकडे झुलतो, तीच तर त्याची खुबी. एक चाक उंचवट्यावर चढलं की एक्सल तिरका होतो, चॅसिस आणि चाक यांच्यातलं अंतर बदलतं, सिलिंडर मात्र आपली लांबी सोडत नाही. परिणामी चाक स्वतःच वळतं. माझं स्टिअरिंग सरळ धरलेलं, उजवं चाक वाफ्याच्या बांधावर चढलं, आणि ट्रॅक्टर शांतपणे शेजारच्या झाडाकडे निघाला. झाडाची हातभर साल गेली. ती जखम अजून भरतेय. सिलिंडरची दोन्ही टोकं एक्सलबरोबर झुलणाऱ्या भागांवरच हवीत, म्हणजे एक टोक एक्सलवर आणि दुसरं चाकाच्या हातावर. होजना मात्र झुलायला पुरेशी ढील द्यायची.

लेखात सिलिंडरचा कंस एक्सलला वेल्डिंग करायला सांगितलंय. एक्सल पोलादी असेल तर एक वेळ चालेल. माझा बिडाचा आहे, आणि जुन्या छोट्या ट्रॅक्टरचे बरेच एक्सल बिडाचेच असतात. बिडाला साधं वेल्डिंग केलं की टाक्याच्या कडेने तडा जातो. माझ्या एक्सलला तो तिसऱ्या आठवड्यात दिसला. आता एक्सलच्या वरून एक आणि खालून एक अशा दोन जाड पट्ट्या ठेवून बोल्टने आवळल्या आहेत. एकही भोक पाडलेलं नाही, सगळं काढून जसंच्या तसं परत करता येतं. जुने गिअरसुद्धा तेल लावून खोक्यात ठेवलेत, चिठ्ठीसकट.

दुसरी चूक तेलाच्या वाटेची. पंप एकच, लोडरचा. वर्कशॉपने पंपाचं तेल आधी ऑर्बिट्रोलमध्ये आणि त्याच्या परतीच्या तोंडातून पुढे लोडरच्या व्हॉल्व्हमध्ये नेलं. कागदावर रांग बरोबर दिसते. पण साध्या ऑर्बिट्रोलचं परतीचं तोंड टाकीत मोकळं सोडण्यासाठी असतं. लोडर उचलायला घेतला की लोडरचा सगळा दाब उलटा त्याच तोंडावर येतो आणि तिथून वरच्या सीलवर. दुसऱ्याच दिवशी सील गेलं आणि गरम तेल माझ्या गुडघ्यांवर. पुढे जोडण्यासाठी वेगळं तोंड असलेले ऑर्बिट्रोल मिळतात, किंवा प्रायॉरिटी व्हॉल्व्ह बसवावा लागतो, जो आधी स्टिअरिंगचं तेल बाजूला काढतो आणि उरलेलं लोडरला देतो. ज्यांच्या ट्रॅक्टरला हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबावर चालणारा) गिअरबॉक्स आहे त्यांनी तर त्याला तेल पुरवणाऱ्या चार्ज पंपाच्या नळीला हात लावताना दहादा विचार करावा. त्या तेलाची पहिली गरज गिअरबॉक्सला असते.

तिसरी चूक दाबाची, आणि इथे लेखातलं एक वाक्य मला शिक्षिका म्हणून सहन होत नाही: ‘दाब जितका जास्त ठेवाल, तितकं स्टिअरिंग हलकं.’ पंप दाब बनवत नाही, तो फक्त तेल ढकलतो. दाब बनतो तो अडथळ्यामुळे. चाक वळवायला ३० बार (बार हे दाबाचं माप) लागत असतील तर नळीत ३० बारच तयार होतात, मग रिलीफ व्हॉल्व्ह (ठरलेल्या दाबाला उघडून तेल टाकीत सोडणारी झडप) ७० वर लावा की १५० वर. रिलीफ व्हॉल्व्ह ही फक्त वरची हद्द आहे. ती वाढवून हात हलका होत नाही. चाक दगडात अडकलं किंवा वळणाच्या टोकाला टेकलं, तर लोखंडावर किती बळ यावं एवढंच तिच्यावर ठरतं. माझा सिलिंडर ३२ मिलिमीटर व्यासाचा. पिस्टनचं क्षेत्रफळ ८ चौरस सेंटिमीटर. ७० बारला तो सुमारे ५७० किलोंनी ढकलतो, आणि माझ्या चाकांना तेवढं भरपूर आहे. वर्कशॉपने स्टिअरिंगसाठी वेगळी हद्द ठेवलीच नाही, लोडरची १२० बारची हद्द तीच स्टिअरिंगची. म्हणजे जवळपास हजार किलो. चाक एका मुळाला अडलं, मी बोटांनी स्टिअरिंग फिरवत राहिले, मला काहीच जाणवलं नाही, आणि स्पिंडलचा हात केळीच्या पानासारखा वाकला. हाताला जड लागणं ही ट्रॅक्टरची जीभ असते. पॉवर बसवली की ती बंद होते, म्हणून बळाची हद्द आपण आधी ठरवून द्यायची.

थोडं विषयांतर करते. तेल सतत मोकळं फिरत ठेवायचं आणि चाक वळवतानाच झडपेने त्याची वाट अडवायची, ही कल्पना शंभर वर्षं जुनी आहे. फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अमेरिकी अभियंत्याने १९२६ साली अशी यंत्रणा मोटारीवर चालवून दाखवली. सगळा वेळ दाब कोंडून ठेवणाऱ्या यंत्रणा गळायच्या. त्याने दाब कोंडलाच नाही. आणि तरीही विक्रीच्या मोटारीत पॉवर स्टिअरिंग यायला १९५१ साल उजाडलं, क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये. पंचवीस वर्षं! ‘एका दिवसात’ हे शब्द वाचून मला पहिल्यांदा तेच आठवलं.

दुसरी खेप मी माझ्या भाच्याबरोबर केली. तो खोदकामाच्या यंत्रांची हायड्रॉलिक दुरुस्ती करतो. आमची वाटणी सोपी होती: गणित माझं, पाने त्याचे. सिलिंडरचा स्ट्रोक (दांडा सरकतो ते अंतर) १५० मिलिमीटर, दांडा १६ मिलिमीटरचा. ढकलायच्या बाजूला १२० घन सेंटिमीटर तेल मावतं, ओढायच्या बाजूला दांड्याने जागा खाल्ल्यामुळे ९० च. ऑर्बिट्रोल एका फेऱ्याला ४० घन सेंटिमीटर देणारा. त्यामुळे एका बाजूला पूर्ण वळायला तीन फेरे, आणि उलट यायला सव्वादोन. हा फरक बऱ्याच जणांना बिघाड वाटतो, पण ते साधं भूमितीचं काम आहे. दोन्हीकडून दांडा बाहेर येणारा सिलिंडर घेतला तर फरक राहत नाही; माझ्या एक्सलवर तेवढी जागा नव्हती. पहिले दोन दिवस हात चुकला, मग सवय झाली.

तेल किती लागतं? मी सेकंदाला दीड फेरा मारला तरी मिनिटाला साडेतीन लिटरच्या आसपास. पंप पूर्ण वेगाला अठरा लिटर देतो, मंद चालीला पाच-सहा. प्रायॉरिटी व्हॉल्व्ह चार लिटरवर लावला, त्यामुळे इंजिन मंद असलं तरी स्टिअरिंग उपाशी राहत नाही आणि पूर्ण वेगाला लोडरलाही फारसं कमी पडत नाही. इंजिनावर किती ताण? ७० बार आणि चार लिटर म्हणजे अर्धा किलोवॉटसुद्धा नाही, तोही टोकाला अडल्यावरच. अठरा अश्वशक्तीत ते जाणवत नाही.

भाच्याने ज्या गोष्टीत घाई होऊ दिली नाही ती स्वच्छतेची. प्रत्येक होज आतून हवेने झाडला, प्रत्येक तोंड बांधून ठेवलं, परतीच्या वाटेवर नवा फिल्टर. ऑर्बिट्रोलच्या आतल्या फटी इतक्या बारीक असतात की कापलेल्या होजमधला रबराचा एक कण झडप अडकवू शकतो, आणि अडकलेली झडप म्हणजे स्वतःच वळत सुटणारं स्टिअरिंग. हवा काढताना पुढची चाकं परत जॅकवर, इंजिन मंद, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पंधरा-वीस वेळा. टाकीतला फेस बसेपर्यंत थांबायचं, तेलाची पातळी बघायची, पुन्हा फिरवायचं.

याच वेळी एका जोडाशी मला ओलसर दिसलं आणि मी बोट पुढे नेलं. ‘मावशी, हात मागे घे!’ असा तो इतक्या जोरात ओरडला की मी दचकून उभीच राहिले. दाबाखालचं तेल टाचणीएवढ्या भोकातूनही कातडीच्या आत शिरू शकतं. बाहेरून नुसता ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं, आणि आत इतकी इजा होते की तातडीने शस्त्रक्रिया लागू शकते. गळती शोधायची ती पुठ्ठ्याच्या तुकड्याने, आणि जोड आवळायचा तो इंजिन बंद करून, दाब उतरवून. असं तेल घुसल्याची शंका आली तरी वाट न बघता डॉक्टरांकडे जायचं आणि काय झालंय ते स्पष्ट सांगायचं. लेखाच्या सहाव्या फोटोत एक गृहस्थ चालू इंजिनवर होजचा जोड बोटाने चाचपताना दिसतात. तो फोटो कृपया पुन्हा छापू नका.

ताणकाटा शेवटी परत लावला. बादली भरलेली, ट्रॅक्टर उभा, तीच फरशी: दीड किलो. काम मोजणी, जुळणी आणि दुरुस्ती धरून अकरा दिवस चाललं, त्यातले सहा दिवस फक्त पुढच्या एक्सलवर गेले. आणि अण्णांचं म्हणणं मी आता पाळते. आधी चाक हलू देते, मग हात. पॉवर असली तरी टायर उभ्या जागी घासायचा तो घासतोच, किंगपिनवर जोर यायचा तो येतोच, फक्त मला कळत नाही.

आपल्याला विनंती एवढीच: दुसऱ्या भागात दाबाबद्दलचं वाक्य दुरुस्त करावं, सिलिंडर एक्सलवरच बांधावा हे चित्रासह द्यावं, आणि सगळ्यात आधी चाकं हवेत उचलून करायची परीक्षा द्यावी. लेखकाला माझी वही हवी असेल तर मी आनंदाने पाठवीन, ताणकाट्याचे सगळे आकडे तारखांसह आहेत.

आपली नम्र,
एक वाचक (निवृत्त विज्ञान शिक्षिका)

ता. क. ज्यांनी ऑर्बिट्रोल बसवलाय त्यांच्यासाठी: स्टिअरिंगच्या कडेवर ‘सरळ’ची खूण रंगवत बसू नका. मी लाल रंगाने रंगवली होती. दोन दिवसांत ती डावीकडे सरकली, चौथ्या दिवशी खाली गेली, आणि मी रात्री साडेदहाला भाच्याला फोन करून उठवलं. आतल्या बारीक फटींतून थोडं तेल निसटतच असतं, त्यामुळे स्टिअरिंग आणि चाक यांची जुळणी हळूहळू सरकते. तो म्हणाला, ‘मावशी, स्टिअरिंगकडे बघू नको, चाकाकडे बघ,’ आणि झोपला.